हेलिकॉप्टर येण्याआधी: अमेरिकेतल्या जंगली घोड्यांचा कळप सरकारने हटवू नये म्हणून काय काय करता येतं

ॲरिझोनातल्या फिनिक्सला येऊन चार महिने झाले होते तेव्हा एका मित्राने पहाटे गाडीत घालून सॉल्ट रिव्हरवर नेलं, आणि तिथे नदीत पोटापर्यंत उभे राहून पाण्याखाली डोकं घालून गवत उपटून खाणारे घोडे बघितले. मान वर काढली की तोंडातून पाणी गळतंय, हिरवं गवत लोंबतंय, बाजूला शिंगरू थंडीने कुडकुडतंय. माझे आजोबा दरवर्षी सारंगखेड्याच्या यात्रेला घोडे बघायला जायचे, घ्यायचे नाहीत, नुसते बघायचे, त्यामुळे घोड्याची ओढ घरातूनच आलीये. त्या दिवशी कळलं की २०१५ मध्ये हेच घोडे उचलून न्यायची नोटीस निघाली होती आणि ते आज नदीत उभे आहेत ते लोकांनी वेळेवर केलेल्या कामामुळे. तेव्हापासून गेली आठ वर्षं मी यात आहे, चुका करत शिकलोय, आणि अमेरिकेत राहणारे बरेच मराठी लोक नेवाडा, युटा, वायोमिंगला रोडट्रिपला गेले की घोडे बघून येतात आणि मग विचारतात की आपण काय करू शकतो, म्हणून हे एकदा सगळं सविस्तर लिहितोय.

आधी एकच गोष्ट सांगतो कारण बाकी सगळं तिच्यावर उभं आहे. रडून, फोटो शेअर करून, पिटिशनवर सही करून कळप हाकून पकडायला (याला राउंडअप म्हणतात) आलेलं हेलिकॉप्टर थांबत नाही, हे मी बघितलंय. थांबलं तिथे बहुतेक वेळा कुणीतरी आधीची पाच-दहा वर्षं त्या कळपाची वही लिहीत होतं. घोडा न् घोडा ओळखत होतं. आणि निर्णय व्हायच्या आधी त्या टेबलावर पोचलेलं होतं, नंतर नाही.

थोडं मागचं, कारण कायदा कळायला ते लागतं

नेवाडामध्ये व्हेल्मा जॉन्स्टन म्हणून एक बाई होत्या, ऑफिसात सेक्रेटरीचं काम करायच्या. १९५० मध्ये कामावर जाताना त्यांना रस्त्यात एक ट्रक दिसला, त्यातून रक्त गळत होतं, आत कत्तलखान्यात चाललेले जंगली घोडे कोंबलेले. तिथून त्यांनी जे सुरू केलं ते थांबवलंच नाही, लोक त्यांना वाइल्ड हॉर्स ॲनी म्हणायला लागले, शाळेतल्या पोरांनी खासदारांना पत्रांचा पाऊस पाडला. १९५९ ला गाड्या आणि विमानं वापरून घोडे पकडायला, पाणवठ्यात विष घालायला बंदी आली आणि १५ डिसेंबर १९७१ ला राष्ट्राध्यक्ष निक्सननी मोठा कायदा सही केला, वाइल्ड फ्री-रोमिंग हॉर्सेस अँड बरोज ॲक्ट. पकडणं, डाग देणं, छळणं, मारणं यापासून संरक्षण. न्यू मेक्सिको राज्याने याला आव्हान दिलं तर १९७६ मध्ये सुप्रीम कोर्टाने कायदा उचलून धरला.

पण त्याच १९७६ मध्ये हेलिकॉप्टर वापरायची परवानगी परत आली आणि १९७८ च्या दुरुस्तीने 'जादा' घोडे ही कल्पना कायद्यात पक्की केली. आजची सगळी भांडणं या एका शब्दावर आहेत. जादा म्हणजे किती, कोण ठरवणार, कशावरून.

मार्च २०२४ च्या सरकारी अंदाजाने मोकळे घोडे आणि गाढवं मिळून साधारण ७३,५०० होती आणि रानात जास्तीत जास्त किती ठेवायची त्याचा सरकारने ठरवलेला कोटा साधारण २५,६००. म्हणजे सरकारच्या हिशोबाने दोन तृतीयांश घोडे जादाच आहेत. आणि पकडून आणलेली ६० हजारांच्या वर जनावरं सरकारी कोंडवाड्यांत आणि भाड्याच्या कुरणांत उभी आहेत, कार्यक्रमाच्या बजेटचा साधारण दोन तृतीयांश पैसा त्यांना पोसण्यातच जातो. रानात ठेवून सांभाळायला पैसे नाहीत म्हणतात, आणि पकडून ठेवायला मात्र जातात.

पायरी १: घोडा कुणाच्या जमिनीवर आहे ते आधी शोधा

हे इतकं कंटाळवाणं वाटतं की लोक सोडून देतात आणि मग सहा महिने चुकीच्या दारावर डोकं आपटत बसतात. १९७१ चा कायदा फक्त दोन खात्यांच्या जमिनीला लागतो, एक बीएलएम म्हणजे ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट आणि दुसरं फॉरेस्ट सर्व्हिस. त्यातही १९७१ मध्ये घोडे जिथे होते तेवढ्याच भागाला. नॅशनल पार्कला लागत नाही, वन्यजीव रेफ्यूजला म्हणजे अभयारण्याला लागत नाही, राज्याच्या जमिनीला नाही, आदिवासी नेशन्सच्या जमिनीला नाही. नेवाडाच्या शेल्डन रेफ्यूजमधले घोडे याच कारणाने २०१४ पर्यंत सगळेच्या सगळे काढले गेले, कायद्याची ढालच नव्हती. रीनोजवळच्या व्हर्जिनिया रेंजचे घोडे राज्याच्या कृषी खात्याखाली येतात, तिथे बीएलएमला पत्र लिहून काही होत नाही.

आणि आमच्या सॉल्ट रिव्हरची गंमत नाही तर काळजी अशी होती की जमीन फॉरेस्ट सर्व्हिसचीच, टोंटो नॅशनल फॉरेस्ट, पण तिथे जंगली घोड्यांचा अधिकृत इलाखा कधी नोंदलाच गेला नव्हता, म्हणून २०१५ च्या नोटिशीत त्यांना जंगली घोडे न म्हणता बेवारस जनावरं धरलं होतं. त्यामुळे तिथला लढा त्या कायद्यावर न लढता राज्याकडे न्यावा लागला.

तर नकाशा बघा. बीएलएमच्या साइटवर हर्ड मॅनेजमेंट एरियाचे नकाशे आहेत, लोक त्याला एचएमए म्हणतात. साधा हर्ड एरिया आणि एचएमए यातला फरक लक्षात ठेवा. हर्ड एरिया म्हणजे १९७१ ला घोडे होते ती जागा, एचएमए म्हणजे त्यातली आता घोडे ठेवायला ठरवलेली. मूळ ५ कोटी एकराच्या वर इलाखा होता, आता निम्म्याच्या आसपास उरलाय. एखादा कळप 'शून्य कोटा' असलेल्या हर्ड एरियात असेल तर तुमचं काम वेगळं आणि जास्त अवघड आहे, कारण तिथे तुम्हाला आधी जमिनीचा मोठा आराखडाच बदलायला लावायचाय.

पायरी २: वही

सगळ्यात जास्त वेळ यावर घालवा, माझं ऐका.

महिन्यातून दोनदा तरी एकाच कळपाकडे जा. वेगवेगळे दहा कळप बघत फिरू नका, एक धरा. दिसेल त्या प्रत्येक घोड्याला एक नाव किंवा नंबर द्या आणि डावी बाजू, उजवी बाजू, समोरून, असे तीन फोटो. मग रंग, कपाळावरचा पट्टा, पायांचे पांढरे मोजे, जखमेच्या खुणा, आयाळ कुठल्या बाजूला पडते. सारंगखेड्याला घोडा घेणारे लोक भोवरे बघतात ना, कपाळावर कुठे, मानेवर कुठे, ते शुभ-अशुभ सोडून द्या पण ओळख पटवायला भोवऱ्याइतकी पक्की खूण नाही, हिवाळ्यात केस वाढून रंग बदलल्यासारखा वाटतो तेव्हाही भोवरा तिथेच असतो. अबलख किंवा पंचकल्याणी घोडा पटकन ओळखता येतो पण एकसारखे पंधरा तांबूस घोडे समोर आले की भोवरा आणि जुन्या जखमाच कामाला येतात.

प्रत्येक भेटीला हे लिहा: तारीख, वेळ, जीपीएस, कुठल्या टोळीत कोण होतं (एक नर, त्याच्या घोड्या, शिंगरं, आणि वेगळे फिरणारे तरुण नर), कुठली घोडी गाभण वाटते, नवीन शिंगरू, कोण गायब. तब्येतीला हेनेके स्कोअर म्हणून १ ते ९ ची पद्धत आहे, १ म्हणजे नुसती हाडं, ९ म्हणजे अतिलठ्ठ, ४-५ म्हणजे छान. हा स्कोअर सरकारी कागदात पण वापरतात म्हणून तुम्ही पण तोच वापरा, 'घोडे सुदृढ दिसत होते' याला काही वजन नाही पण 'ऑगस्टमध्ये ४१ पैकी ३८ घोडे ४ किंवा वर' याला आहे.

घोड्यांच्या बरोबरीने जमिनीची नोंद ठेवा, हे जवळजवळ कुणीच करत नाही आणि खरा मुद्दा तिथेच असतो. पाणवठ्यावर किती गायी होत्या, कुठल्या तारखेला सोडल्या, कुठे कुंपण घातलंय ज्यामुळे घोड्यांना पाण्याला पोचता येत नाही, कुठला पंप बंद आहे. दर वेळी त्याच दगडावर उभं राहून त्याच दिशेचा फोटो काढा. पुढे सरकारी कागदात 'घोड्यांमुळे गवताची हानी' असं वाक्य येतं तेव्हा त्या जागी गायी कधी होत्या आणि घोडे कधी, हे तारखेनिशी फक्त तुमच्याकडे असतं. सार्वजनिक जमिनीवर चराईची फी बरीच वर्षं एका गायीला वासरासकट महिन्याला १.३५ डॉलर होती, त्या चराईचे परवाने, किती जनावरं, किती महिने, हे सगळं सरकारी रेकॉर्ड आहे, मागता येतं.

दोन गोष्टी मात्र पाळा. १०० फुटांच्या आत जायचं नाही आणि काहीही खायला घालायचं नाही, सफरचंद नाही, गाजर नाही. माणसाच्या हाताची सवय लागलेला घोडा रस्त्यावर येतो आणि गाडीखाली मरतो. आणि जंगली घोड्याला छळणं हा केंद्राचा गुन्हा आहे, २,००० डॉलरपर्यंत दंड किंवा एक वर्षापर्यंत कैद, ड्रोन घेऊन त्यांच्या मागे लागणाऱ्यांनी पण हे लक्षात ठेवावं.

पायरी ३: कागद वाचा आणि तारखा पकडा

कळप हटवायच्या आधी बीएलएमला पर्यावरणाच्या नेपा कायद्याखाली कागदपत्रं करावी लागतात, बहुतेक वेळा एन्व्हायर्नमेंटल असेसमेंट, ज्याला सगळे ईए म्हणतात. त्यात काय प्रस्ताव आहे, कुठले पर्याय बघितले, परिणाम काय, असं असतं, आणि शेवटी डिसिजन रेकॉर्ड येतो. हे सगळं ई-प्लॅनिंग नावाच्या सरकारी साइटवर टाकतात. तुमच्या भागाच्या बीएलएम फील्ड ऑफिसला साधं पत्र पाठवा की अमुक एचएमएबद्दलच्या प्रत्येक कामात माझं नाव इच्छुक व्यक्ती म्हणून यादीत घाला, आणि दरवर्षी परत पाठवा. २०२५ मध्ये नेपाचे नियम बरेच बदललेत, आधी कमेंटची, म्हणजे लोकांनी लेखी म्हणणं मांडायची, मुदत बऱ्यापैकी ठरलेली असायची तसं आता धरून चालू नका, म्हणून यादीत नाव असणं आणि दर आठवड्याला साइट बघणं दोन्ही करा.

आणि हे बघा, आजकाल एकच ईए दहा-दहा वर्षांसाठी करतात, म्हणजे २०२२ ला केलेल्या कागदावर २०२९ ला पण हेलिकॉप्टर येऊ शकतं आणि मध्ये तुम्हाला कुणी विचारणार नाही. आपल्या कळपाचा शेवटचा निर्णय कुठल्या सालचा आणि किती वर्षांचा ते आजच शोधा.

वर्षाचं गणित पण समजून घ्या. सरकारी आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं, राउंडअपचं वेळापत्रक त्याच सुमाराला लागतं. १ मार्च ते ३० जून शिंगरं जन्मायचा हंगाम म्हणून हेलिकॉप्टर आणीबाणी सोडून वापरत नाहीत. म्हणजे जुलै उजाडला की धोका सुरू.

जे कागद साइटवर नसतात ते एफओआयए म्हणजे माहितीच्या अधिकारात मागा. आपल्याकडच्या आरटीआयसारखंच आहे, फक्त इथे नागरिक असायची अट नाही, कुणीही अर्ज करू शकतो. २० कामाच्या दिवसांत उत्तर द्यायचं असतं, प्रत्यक्षात जास्त लागतात, म्हणून राउंडअपच्या एक वर्ष आधी अर्ज टाकलेला बरा. काय मागायचं: घोड्यांची हवाई मोजणी कच्च्या आकड्यांसकट, मागच्या पाच वर्षांचा चराईचा प्रत्यक्ष वापर, गवताची पाहणी, आणि केसांच्या नमुन्यावरून केलेली जनुकीय तपासणी. शेवटचं महत्त्वाचं आहे कारण कळपाची विविधता टिकवायला साधारण १५० ते २०० घोडे तरी लागतात असं जनुकशास्त्रज्ञ सांगत आलेत आणि कितीतरी एचएमएचा कोटाच त्याच्या खाली आहे.

पायरी ४: कमेंट अशी लिहा की उत्तर द्यावंच लागेल

माझी पहिली कमेंट म्हणजे एका मोहिमेचा तयार मजकूर होता, खाली माझं नाव. नंतर कळलं की असे हजारो सारखे मजकूर एकत्र करून एकच कमेंट धरतात. वाईट वाटलं खूप, पण ते तसंच आहे, ही मोजणी मतांची नसून मुद्द्यांची असते.

कमकुवत वाक्य असं असतं: 'घोडे आपला वारसा आहेत, कृपया त्यांना नेऊ नका.' यावर ते लिहितात, नोंद घेतली, धन्यवाद. मजबूत वाक्य असं: 'तक्ता ४ मध्ये उत्तरेकडच्या झऱ्यावर घोड्यांमुळे हानी लिहिलीये, पण १२ मे ते ३० जून या काळात मी सहा वेळा तिथे गेलो, दर वेळी ३० ते ६० गायी होत्या आणि एकदाच चार घोडे, तारखेसह फोटो जोडलेत, तर ईएमध्ये गायी आणि घोड्यांचा वापर वेगळा मोजावा.' याला उत्तर द्यावं लागतं. नाही दिलं तर तेच पुढे कोर्टात तुमचं हत्यार होतं.

प्रत्येक कमेंटमध्ये मी साधारण हे विचारतो: कोटा कुठल्या सालच्या पाहणीवर ठरलाय आणि परत का तपासला नाही, चराई कमी करायचा पर्याय अभ्यासलाय का (नियमावलीत ४७१०.५ कलमाखाली घोड्यांसाठी भाग गुरांना बंद करता येतो, करता येतो म्हणजे बंधन नाही, पण विचार का नाही केला हे विचारता येतं), डार्टिंगचा, म्हणजे घोडीला लांबून बंदुकीने गर्भनिरोधक लस टोचायचा, पर्याय अभ्यासलाय का, आणि काढायचेच असतील तर हेलिकॉप्टरऐवजी पाणी किंवा चाऱ्याच्या सापळ्याने हळूहळू का नाही. सापळ्यात टोळी शांतपणे चालत आत येते, शिंगरं मैलोन् मैल पळत नाहीत, आणि कुणाला ठेवायचं कुणाला न्यायचं ते निवडता येतं.

आणि हो, कमेंट करायला पण नागरिकत्व लागत नाही. एच-१बीवर असा, विद्यार्थी असा, तुमचं निरीक्षण तेवढंच चालतं.

पायरी ५: डार्ट, म्हणजे खरी ढाल

इथे माझं मत स्पष्ट आहे आणि घोड्यांवर प्रेम करणारे काही लोक माझ्याशी भांडतात, पण मी मागे हटणार नाही. कळप वाढू द्यायचा आणि हटवू पण द्यायचा नाही, असं दोन्ही कोरड्या वाळवंटात चालत नाही. कळप वर्षाला १५ ते २० टक्क्यांनी वाढतो, म्हणजे १०० घोडे चार-पाच वर्षांत २०० च्या आसपास. काही ठिकाणी पहाडी सिंह म्हणजे प्यूमा शिंगरं मारतात, पण बहुतेक ठिकाणी वाढ रोखण्याइतके शिकारी नाहीत. दुष्काळात पाणवठा आटला की पहिला मार घोड्यांनाच बसतो, हरणांना, पक्ष्यांना पण बसतो, आणि मग खातं म्हणतं आणीबाणी, आणि हेलिकॉप्टर. नॅशनल ॲकॅडमी ऑफ सायन्सेसच्या समितीने २०१३ मध्ये फार महत्त्वाची गोष्ट लिहिली, की घोडे काढत राहिल्यानेच उरलेल्यांना भरपूर चारा मिळतो आणि वाढीचा वेग चढाच राहतो. म्हणजे राउंडअपच पुढच्या राउंडअपची पेरणी करतो.

पीझेडपी नावाची लस आहे, डुकराच्या अंडाशयापासून बनते, घोडीच्या शरीरात अशी प्रतिपिंडं तयार होतात की शुक्राणू बीजाला चिकटतच नाही. हार्मोन नाही, त्यामुळे घोडीचा माज चालू राहतो. पहिल्या वर्षी दोन डोस काही आठवड्यांच्या अंतराने, मग वर्षाला एक. बंदुकीने डार्ट मारतात, घोडीच्या पुठ्ठ्यावर म्हणजे मागच्या मांसल भागावर, ३०-४० मीटरवरून, टोचून डार्ट खाली पडतो तो शोधून उचलायचा. मेरीलंडच्या अ‍ॅसाटीग बेटावर १९९४ पासून हे चालू आहे, ८० ते १०० घोड्यांचं लक्ष्य, राउंडअपची गरज नाही. आणि तिथल्या घोड्या दरवर्षीच्या बाळंतपणातून सुटल्यावर जास्त वर्षं जगायला लागल्या. कोलोरॅडोच्या स्प्रिंग क्रीक बेसिनमध्ये २०११ पासून आणि वायोमिंगच्या मॅककलो पीक्समध्ये पण त्याच सुमारापासून स्थानिक लोक आणि बीएलएम मिळून डार्टिंग करतात. गोनाकॉन म्हणून दुसरी लस आहे, दोन डोसांनंतर कित्येक वर्षं टिकते पण ती हार्मोनच्या साखळीत हात घालते, म्हणून मी पीझेडपीच आधी मागतो.

तुमच्या कळपासाठी हे कसं सुरू करायचं: पहिलं, वही तयार पाहिजे, कारण कुठल्या घोडीला कधी डोस दिला हे घोडी ओळखल्याशिवाय कसं ठेवणार. दुसरं, दोन-तीन लोकांनी प्रशिक्षण घ्यायचं, मोंटानात बिलिंग्जला सायन्स अँड कन्झर्व्हेशन सेंटर आहे तिथे डार्टिंग शिकवतात, लस प्रशिक्षित माणसालाच वापरता येते. तिसरं, फील्ड ऑफिसकडे रिकाम्या हाताने जाऊ नका, आमच्याकडे एवढ्या घोड्यांची नोंद आहे, एवढे प्रशिक्षित लोक आहेत, एवढे तास देऊ, असा करार मागा. ऑफिसातल्या घोडा-तज्ज्ञ माणसाशी नीट बोला, त्यातले बरेच लोक घोड्यांवर जीव असलेलेच असतात, वरून आलेल्या आकड्याखाली दबलेले. आणि शेजारच्या रँचरशी, म्हणजे गुरं पाळणाऱ्याशी, पण बोला, शत्रू म्हणून सुरुवात केली तर दहा वर्षं शत्रूच राहतो, त्याची पण चौथी-पाचवी पिढी तिथे राबतेय.

हे सगळीकडे जमत नाही हेही खरं. लाखो एकरांवर पसरलेले, माणूस दिसला की दोन मैल पळणारे घोडे पायी जाऊन डार्ट करणं अशक्य असतं. तिथे सापळ्यात आणून लस देऊन परत सोडणं, हे मागायचं.

पायरी ६: राजकारणी लोक

२०१५ ला सॉल्ट रिव्हरवर साधारण १०० घोडे उचलायची नोटीस आली तेव्हा स्थानिक गटाकडे वर्षानुवर्षांच्या नोंदी होत्या, ते कोर्टात गेले, टीव्हीवर गेले, आणि मुख्य म्हणजे दोन्ही पक्षांच्या नेत्यांना फोनांनी हैराण करून सोडलं. डिसेंबरमध्ये नोटीस मागे. २०१६ च्या मे महिन्यात ॲरिझोनाने या कळपासाठी स्वतंत्र कायदाच केला. नॉर्थ डकोटाच्या थिओडोर रूझवेल्ट नॅशनल पार्कमध्ये २०२२ ला साधारण २०० घोडे काढायचा विचार सुरू झाला, तिथे तर १९७१ चा कायदा पण लागत नाही, तरी लोकांच्या हजारो कमेंट, राज्य सरकार, सिनेटर हे सगळे एका बाजूला आले आणि एप्रिल २०२४ मध्ये पार्कने तो विचार सोडला. कोलोरॅडोने २०२३ मध्ये राज्याचा स्वतःचा जंगली घोडा प्रकल्प कायद्याने सुरू केला.

फोन करा, ईमेलपेक्षा फोन. आपल्या जिल्ह्याच्या खासदाराच्या स्थानिक ऑफिसला, नाव, पिनकोड, आणि एकच मागणी. 'घोडे वाचवा' ही मागणी नाही, 'अमुक एचएमएच्या राउंडअपचे पैसे डार्टिंगला वळवा' ही मागणी आहे. आणि दरवर्षी एका गोष्टीवर नजर ठेवा: निरोगी घोडे मारायला किंवा कत्तलीसाठी विकायला पैसे वापरता येणार नाहीत ही बंदी केंद्राच्या वार्षिक बजेटच्या विधेयकात घातलेली असते. २००४ च्या एका दुरुस्तीने दहा वर्षांवरचे किंवा तीनदा दत्तक न गेलेले घोडे बिनशर्त विकायची वाट उघडली होती, ती या बजेटच्या ओळीने अडवून धरलीये. ती ओळ दरवर्षी परत घालावी लागते. एका वर्षी गळली तर संपलं.

व्हिसावाल्यांसाठी: ऑफिसला फोन करणं, पत्र लिहिणं चालतं, उमेदवाराला पैसे देणं चालत नाही, ते फक्त नागरिक आणि ग्रीन कार्डवाले. घोड्यांच्या संस्थेला देणगी देता येते.

पायरी ७: कोर्ट

थोडक्यात सांगतो कारण वकिलाशिवाय इथे पाऊल टाकू नका. निर्णय आल्यावर अपिलाची मुदत साधारण ३० दिवस, पण राउंडअपचे निर्णय बऱ्याचदा ताबडतोब लागू म्हणून काढतात, म्हणजे अपील पडून असताना हेलिकॉप्टर उडू शकतं, म्हणून स्थगिती वेगळी मागावी लागते. जे मुद्दे कमेंटमध्ये मांडले नव्हते ते कोर्टात काढायला गेलं तर बहुतेक ऐकत नाहीत. आणि तुमचा या कळपाशी संबंध काय हे सिद्ध करायला परत वहीच, दर महिन्याला जाणारा माणूस म्हणजे ज्याचं खरंच काही जाणार आहे असा माणूस.

हरलेल्या केसेस जास्त आहेत, ते लपवत नाही. पण वायोमिंगच्या चेकरबोर्डचं बघा, तिथे एक चौरस मैल सरकारी, एक खासगी, असा बुद्धिबळाच्या पटासारखा प्रदेश आहे, खासगी मालकांनी घोडे काढा म्हटलं म्हणून सरकारी जमिनीवरचे पण काढले. २०१६ मध्ये टेन्थ सर्किट या केंद्राच्या अपील कोर्टाने सांगितलं हे कायद्यात बसत नाही. मग खात्याने आराखडाच बदलून दोन एचएमए शून्य केले, आणि जुलै २०२५ मध्ये त्याच कोर्टाने परत सांगितलं की निसर्गाच्या समतोलाचा कायद्यातला निकष तपासल्याशिवाय असं करता येत नाही. दहा-बारा वर्षांचं भांडण आहे ते.

पायरी ८: थांबलं नाही तर

तरी जा. बघणारं कुणी असलं की काम वेगळं होतं. नाइन्थ सर्किटने २०१२ मध्ये एका राउंडअपच्या केसमध्ये मान्य केलंय की लोकांना आणि पत्रकारांना हे बघू न देणं हा घटनेतल्या हक्काचा प्रश्न आहे. बीएलएम निरीक्षणाचे दिवस ठरवतं, फोन करून नाव द्या, पहाटे चारला कुठेतरी गाड्यांची रांग लागते. लांब झूम, जाड कोट, पाणी, दोन स्पेअर टायर. आखून दिलेली रेषा ओलांडू नका, विशेषतः व्हिसावर असाल तर, एक अटक सगळं आयुष्य विस्कटू शकते.

लिहायचं काय: तापमान, हेलिकॉप्टर घोड्याच्या किती जवळ, किती वेळ पळवलं, शिंगरू मागे राहिलं का, पडलं का, ट्रॅपमध्ये किती गेले, किती जखमी, किती मेले. खात्याचे स्वतःचे प्राणी-कल्याणाचे नियम आहेत, त्यातला कुठला मोडला ते नेमकं लिहून त्याच दिवशी द्या. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा ज्यूटच्या पडद्यांच्या मध्ये शिकवलेला घोडा पुढे पळतो आणि मागून सगळी टोळी आत येते, आणि एक घोडी आत गेल्यावर मागे वळून कितीतरी वेळ ओरडत होती. त्या दिवसाची पानं माझ्या वहीत वाकड्यातिकड्या अक्षरात आहेत.

मग कोंडवाड्यापर्यंत पाठपुरावा करा. प्रत्येक घोड्याच्या मानेवर डाव्या बाजूला गोठवून केलेला शिक्का असतो, त्यात जन्मसाल आणि नोंदणी क्रमांक, तो वाचायला शिका. वहीतला घोडा आणि शिक्क्याचा नंबर जुळवला की तो कुठे दत्तक गेला ते मागावर राहता येतं. दत्तक घेतल्यावर मालकी एक वर्षाने मिळते, तोवर घोडा सरकारचाच, त्या वर्षात काही संशय आला तर लगेच कळवा. २०१९ मध्ये दत्तक घेणाऱ्याला १,००० डॉलर द्यायची योजना आली होती, मग मालकीचा कागद हातात पडल्या पडल्या घोडे कत्तलवाल्यांच्या लिलावात दिसायला लागले, शेवटी मार्च २०२५ मध्ये कोर्टाने ती योजना रद्द केली. स्वतः घोडा घेण्याचा विचार असेल तर नुसतं अंगण असून भागत नाही, अनुभव पाहिजे, रानातला घोडा शिकवणं हे रोजचं काम आहे.

आणि हटवल्यावर पंधरा दिवसांच्या आत रानात परत जा. कोण उरलं ते मोजा. कुठला नर एकटा फिरतोय, कुठल्या घोड्या नव्या टोळीत गेल्या, आई नसलेलं शिंगरू दिसलं तर जागेच्या जीपीएससकट त्याच दिवशी फील्ड ऑफिसला फोन. उरलेल्यांपैकी कुठल्या घोडीला पहिला डोस द्यायचा त्याची यादी त्याच संध्याकाळी करायला घ्या, कारण चारा आता भरपूर आहे आणि घोडीचे दिवस अकरा महिन्यांचे असतात.